खेळाची पेटी आणि घरचा कारागीर



बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत देडतलाई नावाचे गाव आहे. गाव मध्य प्रदेशातले, पण महाराष्ट्राची सीमा तेथून दूर नाही. पलीकडे मेळघाटातली धारणी. ह्या पट्ट्यात निमाडी, हिंदी, कोरकू आणि मराठी ह्या चारही भाषा कानांवर पडतात. अशा गावातले एखादे मराठी घर क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. घरात शाळकरी वयाचे दोन मुलगे आहेत, एक टीव्ही आहे, आणि टीव्हीला जोडून खेळावयाचा, ज्याला सगळे लोक नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणतात, तो एक डबा आहे. एके दिवशी हा डबा बंद पडतो. दुरुस्त करणारा माणूस बुऱ्हाणपुरास किंवा खंडव्यास. जाण्यायेण्यात दिवस मोडावयाचा, बसभाडे भरावयाचे, आणि इतके करून तो माणूस ‘ठेवून जा, आठ दिवसांनी या’ असेच म्हणणार. तेव्हा दुपारी वडील माणसे कामावर गेली की थोरला मुलगा पेचकस शोधू लागतो. त्यानंतर काय काय घडते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हे घर कल्पनेतले आहे. त्यात घडणारे अपघात मात्र तसे नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग विकत घ्यावयास येणाऱ्या हौशी मंडळींना त्यांतला एकेक अपघात ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की, शहरात चुकले तर चुकीची भरपाई कोपऱ्यावर मिळते; देडतलाईसारख्या गावी ती पुढच्या फेरीपर्यंत मिळत नाही.

ह्या डब्याचा वंश थोडा सांगितला पाहिजे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. त्याच्या नकला पुढे आशियाभर निघाल्या, आणि १९९०च्या दशकात ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांनी त्या आपल्या बाजारातही आल्या. ज्या चौकोनी वडीत खेळ साठवलेला असतो, तिला आपली मुले ‘कॅसेट’ म्हणू लागली. तिच्यावर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे आणि आत तेच दहा-वीस खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. ती फसवणूक मुलांना पहिल्याच दिवशी कळे. पण कोणी कॅसेट परत केल्याचे मात्र फारसे ऐकिवात नाही. नकला स्वस्त झाल्या त्याचे कारण असे की, मूळ यंत्रातल्या अनेक चिपांचे काम एकाच चिपेत कोंबण्यात आले. ती चिप बोर्डावर चिकटवून तिच्यावर काळ्या राळेचा एक थेंब टाकला जाई. झाकण उघडले की हा काळा थेंबच प्रथम नजरेस पडतो. तो गेला की डबा गेला, कारण त्याच्या आत शिरण्यास घरच्या कारागिराला वाट नाही. सुदैवाने पहिला बळी सहसा त्याचा पडत नाही. बिघाड बहुधा फार साध्या ठिकाणी असतो: वायरीच्या मुळाशी, बटणाच्या रबराखाली, कॅसेटच्या मळलेल्या पिनांत.

मळलेल्या पिनांवर सर्वांचा उपाय एकच: कॅसेट काढावयाची, तोंडाजवळ धरून जोराने फुंकावयाचे, आणि पुन्हा बसवावयाची. ती चालू होई म्हणून फुंकरीवर विश्वास बसला. वास्तविक काढून पुन्हा बसवल्यानेच पिना घासल्या जातात आणि सांधा जुळतो. फुंकरीतली वाफ मात्र त्या पिनांवर राहते आणि कालांतराने त्यांना गंज चढवते. खुद्द निन्टेन्डोनेही फुंकू नका असेच सांगितले होते. ते कोणी ऐकले नाही.

पहिला खरा अपघात होतो तो डबा उघडण्यापूर्वीच. यंत्राबरोबर आलेला अॅडाप्टर हरवलेला किंवा जळालेला असतो, आणि घरात दुसरे चार पडलेले असतात: जुन्या रेडिओचा, कॉर्डलेस फोनचा, कुठल्याशा दाढीच्या यंत्राचा. त्यांतल्या एकाची पिन बरोबर बसते. पिन बसली म्हणजे जोडी जुळली, असे मुलाला वाटते. आणि मोठ्या माणसांनाही तसेच वाटते, हे कबूल केले पाहिजे. परंतु फॅमिकॉमच्या मूळ अॅडाप्टरमध्ये पिनेच्या आतली बाजू ऋण आणि बाहेरची धन होती, आणि आज घरात सापडणाऱ्या बहुतेक अॅडाप्टरांत नेमके याच्या उलट असते. शिवाय अमेरिकेत विकल्या गेलेल्या निन्टेन्डोच्या यंत्राचा अॅडाप्टर एकदिश प्रवाह देतच नव्हता; तो प्रत्यावर्ती प्रवाह देई, आणि तो एकदिश करण्याची सोय त्या यंत्राच्या पोटात होती. जपानी यंत्राला तो लावला, तर ते यंत्र जावयाचेच. तीन डबे, तिघांची भूक निराळी, आणि तोंड मात्र जवळजवळ सारखे. अॅडाप्टरच्या पाठीवर दोन गोल आणि धन-ऋण चिन्हे यांची एक इवलीशी आकृती छापलेली असते. एवढी एक आकृती वाचली असती, तर कित्येक डबे वाचले असते.

यातून निभावले तर पुढे ७८०५ नावाचा तीन पायांचा एक भाग असतो. नऊ व्होल्ट आले की त्यांतले पाच पुढे द्यावयाचे आणि उरलेल्या चारांची उष्णता करून टाकावयाची, हे त्याचे काम. अर्धा अँपियर प्रवाह धरला तरी दोन वॅट उष्णता झाली, आणि ती नखाएवढ्या तुकड्यात. म्हणून त्याच्या पाठीशी अॅल्युमिनियमची एक पट्टी स्क्रूने बसवलेली असते. घरच्या कारागिराला ही पट्टी निरुपयोगी वाटते. ती कशालाच वायरीने जोडलेली नसते, झाकण लावताना आड येते, म्हणून तो ती बाजूस ठेवून देतो. डबा दहा मिनिटे उत्तम चालतो. मग धाकटा म्हणतो, “दादा, वास येतोय.”

आता एक असा अपघात, ज्यात मुळात काहीच बिघडलेले नसते. ह्या डब्यांबरोबर प्लॅस्टिकची एक बंदूक मिळत असे. पडद्यावर उडणारी बदके टिपण्याचा खेळ तिच्याने खेळावयाचा. घरात जुना, फुगीर काचेचा टीव्ही होता तोवर बंदूक बिनचूक चाले. नवा सपाट टीव्ही आला आणि एकही बदक पडेना. थोरल्याने बंदूक उघडली. घोड्याची स्प्रिंग उडाली ती कपाटाखाली गेली, आतली बारीक वायर तुटली, आणि मग बंदूक खरोखरच बिघडली. घोडा ओढला की क्षणभर सारा पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीच्या तोंडाशी असलेला प्रकाशाचा डोळा तो चौकोन त्याच नेमक्या क्षणी पाहतो. जुन्या टीव्हीत चित्र आल्याबरोबर काचेवर उमटे. सपाट टीव्ही ते आधी स्वतःपाशी घेतो, त्यावर संस्कार करतो आणि किंचित उशिराने दाखवतो. माणसाला तो उशीर जाणवत नाही. बंदुकीला पुरेसा होतो. दोष बंदुकीत नव्हता, दोन यंत्रांच्या पिढ्यांमधल्या अंतरात होता. घरगुती दुरुस्तीतले किती तरी अपघात ह्याच जातीचे असतात. नेमके काय बिघडले हे विचारण्याच्या आत पेचकस फिरलेला असतो.

फेरफाराची हौस हा दुरुस्तीचाच पुढला पाय. सपाट टीव्हीवर ह्या जुन्या डब्याचे चित्र मुंग्या धावल्यासारखे दिसते, कारण डबा आपले चित्र अँटेनाच्या वायरीतून, टीव्हीच्या एखाद्या वाहिनीसारखे पाठवतो. आतून चित्राची आणि आवाजाची वायर थेट बाहेर काढली, मध्ये एक ट्रान्झिस्टर बसवला, की चित्र स्वच्छ येते. हे काम खरोखर करण्यासारखे आहे आणि पुष्कळांनी ते नीट केलेले आहे. ज्यांचे फसते त्यांचे बहुधा कौशल्याअभावी फसत नाही. नवे सॉकेट बसवण्यासाठी तापवलेल्या खिळ्याने डब्याला भोक पाडावयाचे, आणि बोर्ड मात्र तसाच आत ठेवावयाचा, असा आळस त्याच्या मुळाशी असतो. खिळा प्लॅस्टिकमधून सहज जातो, आणि मग बोर्डातूनही.

नाताळच्या सुटीत अमेरिकेहून आत्या येते, तेव्हा प्रकरण अधिक गंभीर होते. तिने भाच्यांसाठी आपल्या मुलांचे वापरलेले यंत्र आणलेले असते. समजा, ते मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स ३६०’ आहे. त्याच्या वायरीला दोन चपट्या पिना. आपल्या भिंतीतल्या सॉकेटात त्या बसत नाहीत. गावातल्या दुकानात चपट्या पिना गोल करून देणारा एक स्वस्त जोड मिळतो. तो जोड पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. पण त्याच्यावर तसे कुठे लिहिलेले नसते. अमेरिकेत भिंतीतून १२० व्होल्ट येतात, आपल्याकडे २३०. त्या यंत्राचा वीजपुरवठ्याचा जो विटेएवढा ठोकळा असतो, त्याच्यावर कमाल १२७ व्होल्ट हा आकडा छापलेला असतो. बटण दाबावे, फट्कन आवाज व्हावा, आणि आत्याने पंधरा हजार किलोमीटरांवरून जपून आणलेली भेट पहिल्याच क्षणात संपावी! त्या वेळी खोलीत जी शांतता पसरते ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना तिचे वर्णन नको. इतरांना ते करून सांगता येणार नाही.

पुष्कळदा यंत्र वाचलेले असते. जादा दाब आला की स्वतःला जाळून घेणारा एक भाग आणि त्याच्यामागे एक फ्यूज, अशी व्यवस्था अशा अनेक ठोकळ्यांत असते. हे दोघे मरतात आणि बाकीचे राहते. येथे घरचा कारागीर पुढे होतो. फ्यूज उडालेला त्याला दिसतो. घरच्या मीटरपाशी फ्यूज उडाला की वडील तांब्याची तार गुंडाळतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. तीच विद्या तो येथे चालवतो आणि पुन्हा त्याच भिंतीत पिन घालतो. १२० व्होल्टांवर चालणाऱ्या ठोकळ्यातल्या मोठ्या कपॅसिटरला सुमारे १७० व्होल्ट सोसावे लागतात. २३० वर त्याच्या नशिबी ३२५ येतात. आता मध्ये पडावयास कोणी उरलेले नसते, म्हणून तो फुटतो. दाब निम्म्यावर आणणारा ट्रान्सफॉर्मर आणावा असे मग कोणी शहाणे सुचवते आणि दुकानदार शंभर वॅटचा देतो. पण ह्या यंत्राच्या पहिल्या ठोकळ्याची मागणी २०३ वॅटची होती. मग तो ट्रान्सफॉर्मर जळतो.

इतका वेळ जे जळाले ते पैशांचे होते. आता जे सांगावयाचे ते निराळे आहे. अॅडाप्टरवर चालणाऱ्या डब्याच्या आत पाच-नऊ व्होल्ट असतात. तेथे बोट लागले तर काही होत नाही. परंतु भिंतीची वायर ज्या यंत्राच्या थेट पोटात जाते, त्यातला तो मोठा कपॅसिटर पिन काढून घेतल्यावरही सुमारे सव्वातीनशे व्होल्ट बराच वेळ धरून बसू शकतो. यंत्र बंद, वायर हातात, आणि तरीही मरण आत शिल्लक. जुन्या फुगीर टीव्हीत तर काचेच्या नळीला वीस-पंचवीस हजार व्होल्टांचा दाब दिलेला असतो, आणि टीव्ही बंद केल्यावरही तो लगेच ओसरत नाही. बाहेरून पाहिले तर दोन्ही पेट्याच. दोन्हींना चार स्क्रू. मुलाला त्यांतला भेद आपोआप कळावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आणि नेमका हाच भेद पुष्कळ घरांत कोणी त्याला सांगत नाही. पन्नास रुपयांचा अॅडाप्टर जळाला म्हणून ज्या मुलाला चारचौघांत बोलणी बसली, तो पुढच्या वेळी पेचकस टाकून देत नाही. तो दार लावून घेतो. घरातले झोपल्यावर, एकटा, मोबाइलच्या उजेडात तो पेटी उघडतो. झिणझिणी बसली तरी तो कोणाला सांगत नाही, कारण सांगितले तर पेचकसच जप्त होणार. लहान चुकीची शिक्षा मोठी ठेवली की मोठी चूक अशी अंधारात जाते. ह्याउलट ज्या घरी ‘ही पेटी उघड, ती उघडू नकोस, आणि उघडशील तेव्हा कोणी तरी जवळ असू दे’ इतके स्पष्ट सांगितलेले असते, तेथे डबे जळतात खरे, पण ते सर्वांच्या देखत जळतात.

ज्यात जीव जात नाही आणि पैसाही फारसा जात नाही, असाही एक अपघात आहे, आणि मुलांना तोच अधिक लागतो. हातातल्या ‘गेम बॉय’ यंत्राच्या काही कॅसेटींत नाण्याएवढी बॅटरी असते. खेळणाऱ्याने कुठवर मजल मारली याची आठवण तिच्या जोरावर टिकते. १९९९ साली निघालेल्या ‘पोकेमॉन’च्या सोनेरी आणि रुपेरी कॅसेटींत तर तीच बॅटरी आत एक घड्याळही चालवी, म्हणून ती लवकर संपे. बॅटरी मलूल झाली असे पाहून थोरला ती बदलावयास बसतो. बॅटरीच्या पट्ट्या कारखान्यात जडवलेल्या असतात. त्या उपटून नवी बॅटरी तशीच सोल्डर करावी, तर लिथियमची बॅटरी तापून फुटू शकते. पट्ट्या जडवलेलीच बॅटरी घ्यावी लागते, हे त्याने कुठून तरी जाणून घेतलेले असते, आणि तो तशी आणतो. सोल्डरिंग सुबक होते. कॅसेट चालू होते. पण जुनी काढण्याच्या आणि नवी लावण्याच्या मधल्या त्या अर्ध्या मिनिटात आतली आठवण पुसली गेलेली असते. धाकट्याचे दोन वर्षांचे खेळणे गेले. थोरल्याचे काम निर्दोष होते, म्हणून त्याला रागावताही येत नाही. धाकट्याला रडू येते ते ह्याचेच.

‘एक्सबॉक्स ३६०’चा उल्लेख आला, तेव्हा त्याची दुसरी कथा सांगितली पाहिजे. हे यंत्र २००५च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आणि २००६ साली भारतात आले. थोड्याच काळात हजारो घरांत त्याच्या तोंडावरचे हिरवे वर्तुळ लाल होऊ लागले आणि यंत्र बंद पडू लागले. जुलै २००७मध्ये कंपनीने हमीची मुदत तीन वर्षांची केली आणि त्यापायी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढली. ज्यांना ती हमी लागू नव्हती, त्यांनी घरगुती इलाज शोधले. त्यांतला सर्वांत गाजलेला इलाज असा: यंत्र चालू करावयाचे आणि ते टॉवेलात घट्ट गुंडाळून ठेवावयाचे! वारा कोंडला की यंत्र तापेल, आतले तडकलेले सोल्डरचे सांधे पुन्हा जुळतील, अशी कल्पना. आणि पुष्कळांचे यंत्र खरोखर सुरू होई. चार दिवस, कधी आठवडाभर.

तापून प्रसरण पावलेले दोन तुकडे एकमेकांना क्षणभर टेकत. ते जुळत नसत, नुसते टेकत. शिसे घातलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते, आणि २००६पासून युरोपात शिशावर निर्बंध आल्यावर जे बिनशिशाचे सोल्डर सर्रास आले त्यास सुमारे २१७ अंश लागतात. टॉवेलातल्या यंत्राने इतके तापावे, तर सांधा जुळण्याआधी टॉवेल पेटेल. केस वाळवण्याचे यंत्र हाती घेऊन बोर्ड भाजणाऱ्यांचीही हीच गत. यंत्र पुनःपुन्हा तापून निवत राहिल्याने चिपेच्या आतले बारीक सांधे तडकत होते, असे कंपनीच्या माणसांनी २०२१ सालच्या एका माहितीपटात सांगितले. म्हणजे ज्या तापण्याने रोग झाला, त्याच तापण्याचा डोस रोग्याला दिला जात होता. तरीही ह्या इलाजाला हसू नये. चार दिवस चाललेले यंत्र पाहणाऱ्याला तो इलाज खरा वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे पुष्कळ औषधे ह्याच पुराव्यावर खपतात.

चोरून घेतलेल्या प्रतींचे खेळ चालावेत म्हणून यंत्रात परकी चिप बसवण्याचा एक धंदा मध्यंतरी जोरात होता. त्याचे अपघात हातांचेही होते आणि कायद्याचेही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात आलेल्या ६५ अ ह्या कलमाने, हक्क बुडवण्याच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. साधी दुरुस्ती त्यात येत नाही. ‘हेतूने’ ह्या शब्दावर सारे अवलंबून आहे.

चिपेवाचूनही फेरफार होतो. यंत्राच्या आतली मूळ आज्ञावली पुसून तिच्या जागी दुसरी लिहावयाची. लिहिणे दोन-चार मिनिटांचे. तेवढ्या वेळात वीज जाता कामा नये. हे वाक्य खेड्यात राहणाऱ्या श्रोत्यांसमोर उच्चारताना थोडे हसू येते. निम्मी आज्ञावली लिहिली गेली असता वीज गेली, तर यंत्राला आपण कोण हेच आठवत नाही आणि ते विटेसारखे पडून राहते. इंग्रजीतही अशा यंत्राला वीटच म्हणतात. सोनीच्या ‘पीएसपी’ ह्या हातातल्या यंत्राच्या बाबतीत मात्र २००७ साली हौशी लोकांनी एक चमत्कार शोधून काढला. त्याच्या बॅटरीच्या आत एक क्रमांक लिहिलेला असतो. तो विशिष्ट रीतीने बदलला की यंत्र ती बॅटरी दुरुस्ती-केंद्राची समजते आणि आपले दार उघडते. अशा बॅटरीला त्यांनी ‘पँडोरा’ नाव दिले. वीट झालेली कितीतरी यंत्रे तिने उठवली, आणि ती शोधणारे लोक हेच, घरच्या मेजावर यंत्रे बिघडवणारे.

राहिले झाकण. ही यंत्रे सहसा साध्या पेचकसाने उघडत नाहीत; स्क्रूच्या डोक्याला तीन पाकळ्या असतात किंवा ते खोल भोकात दडलेले असते. बॉलपेनचे प्लॅस्टिक ज्योतीवर मऊ करून स्क्रूवर दाबावयाचे आणि थंड झाले की तेच पेचकस म्हणून फिरवावयाचे, ही युक्ती जगभरच्या मुलांनी स्वतंत्रपणे शोधलेली आहे. कधी स्क्रू निघतो, कधी पेनच कायमचे तेथे राहते. आणि निघालेले स्क्रू एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला की तो खालच्या बोर्डात घुसतो. इतका वेळ नीट झालेली दुरुस्ती शेवटच्या फेऱ्यात संपते. म्हणून थोरल्याने या वेळी वहीच्या पानावर यंत्राचा चौकोन काढला आहे आणि जो स्क्रू जेथला, तेथे कागदात टोचून ठेवला आहे. धाकटा ते पान दोन्ही हातांनी धरून बसला आहे. पंखा बंद केलेला आहे. आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून अधूनमधून पाहून जाते आहे.